घाव आणि कळ

१० सप्टेंबर १८९८ ची दुपार. स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा शहरात ऑस्ट्रियाची सम्राज्ञी एलिझाबेथ आपल्या सोबतिणीबरोबर हॉटेलातून निघून सरोवराच्या धक्क्याकडे पायी चालली होती. बोटीची वेळ झाली होती. वाटेत लुइजी लुकेनी नावाचा एक इटालियन मजूर धावत आला आणि त्याने तिच्या छातीवर मुठीने जोराचा प्रहार केला. निदान तिला आणि पाहणाऱ्यांना तसे वाटले. ती खाली पडली. लोकांनी हात देऊन उठवले, तिने त्यांचे आभार मानले आणि चालत जाऊन ती बोटीत चढली. त्या माणसाला बहुधा आपले घड्याळ हिसकावायचे असावे, असा तिचा समज झाला होता. बोटीत मात्र ती कोसळली. छातीवरचे घट्ट कपडे सैल केले तेव्हा एक लहानसा डाग आणि त्याखाली एक बारीक भोक दिसले. लुकेनीच्या मुठीत घासून टोकदार केलेली कानस होती. ती साडेआठ सेंटिमीटर आत जाऊन हृदयाच्या डाव्या बाजूत शिरली होती. तासाभराच्या आतबाहेर सम्राज्ञी मरण पावली.

हृदयाला भोक पडलेला माणूस काही वेळ चालू शकतो, याचे स्पष्टीकरण फारसे अवघड नाही. भोक बारीक होते, रक्त हृदयाभोवतीच्या पिशवीत हळूहळू साचत गेले आणि त्या दाबाने हृदय पुढे थांबले. अवघड आहे तो दुसरा प्रश्न. छातीत लोखंड शिरले आणि त्या बाईला ते कळले कसे नाही? आणि याच्या उलट, बोटात बाभळीचा काटा रुतला तर आपल्याला रात्रभर झोप का येत नाही? घाव आणि कळ यांचे नाते सरळ आहे, मोठा घाव तर मोठी कळ, असे आपण सगळेच गृहीत धरतो. वर्गात गुडघा फोडून घेतलेल्या मुलाला "एवढ्याशा खरचटण्याला काय रडतोस?" असे विचारताना आपल्या मनात तेच गणित असते. हे गणित चुकीचे आहे, हे फार जुन्या काळी लोकांच्या ध्यानात आले होते. ते शास्त्रात यायला मात्र विसावे शतक उजाडावे लागले.

इ.स.पूर्व पहिल्या शतकात ल्युक्रीशिअस या रोमन कवीने सृष्टीच्या स्वरूपावर एक दीर्घ काव्य लिहिले. त्याच्या तिसऱ्या भागात युद्धातल्या रथांचे वर्णन आहे. या रथांना विळ्यासारखी पाती बसवलेली असत. ल्युक्रीशिअस सांगतो की ही पाती अवयव इतक्या झपाट्याने छाटतात की तुटलेला भाग जमिनीवर तडफडत असतानाही त्या माणसाला वेदना जाणवत नाही. ढालीसकट डावा हात गेला तरी लढण्याच्या भरात त्याला पत्ता नसतो. ल्युक्रीशिअसला खरे तर वेदनेशी कर्तव्य नव्हते. आत्म्याचे तुकडे होऊ शकतात, म्हणून तो अमर नाही, हे त्याला सिद्ध करायचे होते. पण जाता जाता त्याने दोन कारणे नोंदवून ठेवली: घावाचा वेग आणि दुसरीकडे गुंतलेले मन. ही दोन्ही कारणे आजच्या पाठ्यपुस्तकातही थोड्याफार फरकाने सापडतात.

आपल्याकडे सुश्रुतसंहितेत आघाताने होणाऱ्या जखमांचे सहा प्रकार दिले आहेत: छिन्न, भिन्न, विद्ध, क्षत, पिच्चित आणि घृष्ट. यांतील 'भिन्न' म्हणजे शस्त्राचे टोक आत शिरून शरीरातील एखादा आशय, म्हणजे पोकळ अवयव, फुटणे. अशा वेळी आत रक्त भरले आहे हे कसे ओळखावे? सुश्रुत ताप, दाह, तहान, मूर्च्छा, श्वास लागणे, पोट फुगणे अशी लक्षणे सांगतो. बाहेरच्या जखमेच्या आकारावर तो विसंबत नाही. वेदनेचे वर्णन करणारे शब्दही त्याच्याकडे भरपूर आहेत. टोचल्यासारखी, फोडल्यासारखी, कापल्यासारखी, घुसळल्यासारखी, जळल्यासारखी, आणि एक 'चुमुचुमायन', जो कानाला आपल्या चुरचुरण्याच्या जवळचा वाटतो. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ मध्ये वेदनेची प्रश्नावली तयार केली, तेव्हा त्यांनीही असेच ७८ शब्द २० गटांत मांडले. मराठीत असा प्रयोग वर्गात करून पाहावा. कळ, ठणका, सणक, चमक, शिणक, आग, झोंबणे, सलणे... फळा भरून जाईल, आणि प्रत्येक शब्द वेगळ्या जखमेचा आहे हे मुलेच सांगतील. 'शल्य' हा शब्द तर बाणाच्या टोकावरून निघून थेट मनापर्यंत पोहोचला आहे.

दोरी आणि घंटा

मग हे ज्ञान मागे का पडले? याचे बरेचसे श्रेय एका चित्राला द्यावे लागेल. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त यांचा मानवी शरीरावरील ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला. त्याच्या १६६४ च्या फ्रेंच आवृत्तीत एक मुलगा विस्तवाजवळ पाय धरून बसलेला दाखवला आहे. पायापासून मेंदूपर्यंत एक बारीक धागा गेला आहे. विस्तवाने धाग्याचे खालचे टोक ओढले की वर मेंदूत हालचाल होते, जशी दोरी ओढल्यावर घंटा वाजते. कल्पना सुंदर आहे आणि निम्मी बरोबरही आहे. चेतातंतू खरोखरच संदेश नेतात. पण दोरी जितकी जोरात ओढावी तितकी घंटा मोठी वाजते, हा त्यातला अध्याहृत भाग लोकांच्या मनात पक्का बसला आणि तोच नडला.

गंमत अशी की देकार्त यांना स्वतःला याला छेद देणारी एक हकीगत ठाऊक होती. हाताचा भाग सडल्याने एका मुलीचा हात कापावा लागला. तिला ते कळू नये म्हणून जागेवर कापडाच्या घड्या बांधून ठेवल्या होत्या. ती मात्र नसलेल्या बोटांत दुखत असल्याची तक्रार करत राहिली. देकार्त यांनी १६४४ च्या आपल्या ग्रंथात ही हकीगत दिली आणि निष्कर्ष काढला तो असा, की वेदना हातात होत नाही, मेंदूत होते. एवढे पुढे आल्यावर आणखी एक पाऊल टाकणे शक्य होते. पण चित्र हकीगतीपेक्षा जास्त टिकले.

अमेरिकन यादवी युद्धाने (१८६१ ते १८६५) या प्रश्नाची दुसरी बाजू समोर आणली. फिलाडेल्फियातील टर्नर्स लेन रुग्णालयात सायलस वेअर मिचेल आणि त्यांचे सहकारी चेतातंतूंना इजा झालेल्या सैनिकांवर उपचार करत. यातल्या काहींची जखम कधीच भरून आली होती, पण हाताच्या पंजात जळजळ अशी की कोणी जवळून चालत गेले, कागद फडफडला, तरी ते कळवळत. हात सतत ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवत. तुटलेल्या अवयवात दुखणारे तर पुष्कळच. मिचेल यांनी १८७१ मध्ये अशा नसलेल्या अवयवाला 'फँटम लिंब', म्हणजे भासमान अवयव, हे नाव दिले. जिनिव्हात घाव होता आणि कळ नव्हती. येथे घाव उरला नव्हता आणि कळ होती.

धारदार शस्त्राने चेतातंतूच कापला गेला तर काय होते, हे पाहण्यासाठी एका वैद्याने जे केले ते वाचून आजही अंगावर काटा येतो. लंडनचे हेन्री हेड यांना रुग्णांच्या वर्णनांवर भरवसा ठेवणे जड जात होते. २५ एप्रिल १९०३ रोजी त्यांनी जेम्स शेरेन या शल्यविशारदाकडून आपल्या डाव्या हाताचा एक संवेदक चेतातंतू कापून घेतला व टोके पुन्हा शिवून घेतली. पुढची चार वर्षे ते केंब्रिजला जाऊन मित्र डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांच्यासमोर हात ठेवून बसत आणि रिव्हर्स कापूस, टाचणी, बर्फ यांनी तपासत. कातडी बधिर झाली होती, पण खोलवर दिलेला दाब कळत होता. संवेदना परत येऊ लागली तेव्हा टाचणीचा स्पर्श नेमका कोठे होतो ते कळेना. नुसती पसरट, असह्य कळ येई. यावरून हेड यांनी मांडलेला सिद्धांत पुढे टिकला नाही. निरीक्षणांतली एक गोष्ट मात्र प्रत्येक शिक्षकाने लक्षात ठेवण्याजोगी आहे. काच मनगटात घुसलेल्या मुलाच्या बोटाचे टोक दुखत नसेल, उलट बधिर असेल, तर ते चांगले लक्षण नव्हे. चेतातंतू तुटला असण्याची ती खूण असते.

अँझिओचे सैनिक

आता १९४४ साल. इटलीत कॅसिनो आणि अँझिओ येथे घनघोर लढाई चालू होती. हेन्री बीचर हे बोस्टनचे भूलतज्ज्ञ तेथील लष्करी रुग्णालयांत काम करत होते. गंभीर जखमी झालेल्या २१५ सैनिकांना त्यांनी साधे प्रश्न विचारले: दुखते आहे का, किती, आणि दुखणे थांबवायला काही हवे का? हाडे मोडलेली, मांस फाटलेले, छाती-पोटात तुकडे घुसलेले हे लोक. सुमारे तिसरा हिस्सा म्हणाला, मुळीच दुखत नाही. चौथा हिस्सा म्हणाला, थोडेसे. औषध नको म्हणणारे जवळजवळ तीन चतुर्थांश होते. ते शुद्धीवर होते, त्यांचे चित्त ठिकाणावर होते, आणि शिरेत सुई नीट लागली नाही की तेच लोक तुमच्या-आमच्यासारखी कुरकुर करत. म्हणजे वेदना जाणवण्याची यंत्रणा शाबूत होती. पोटात आरपार जखम झालेल्यांचे दुखणे मात्र इतरांपेक्षा जास्त होते, हेही बीचर यांनी नोंदवले आहे.

युद्धानंतर त्यांनी साध्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झालेल्या १५० पुरुषांना तेच विचारले. तेथे ८३ टक्क्यांनी औषध मागितले. तुलनेसाठी घेतलेल्या सैनिकांत हे प्रमाण ३२ टक्के होते. १९५६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या लेखात बीचर यांनी अर्थ लावला तो असा: सैनिकाच्या दृष्टीने जखम म्हणजे रणांगणातून जिवंत सुटका, तर नागरिकाच्या दृष्टीने शस्त्रक्रिया म्हणजे संकट. कळ किती येईल हे घावाच्या आकारापेक्षा त्याच्या अर्थावर ठरते.

ही गोष्ट इतकी नेटकी आहे की तिच्याविषयी आम्हांला थोडा संशय येतो. ताजी जखम आणि भुलीतून जागे झाल्यानंतरची शस्त्रक्रियेची जखम या एकाच जातीच्या नाहीत. सूज, ताण, टाके यांचा हिशेब वेगळा. शिवाय १९८२ मध्ये मेलझॅक, पॅट्रिक वॉल आणि टाय यांनी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात आलेल्या १३८ जखमींची पाहणी केली. तेथे ना युद्ध होते ना सुटकेचा आनंद. तरीही ३७ टक्के लोकांना जखम होताना काहीच दुखले नव्हते. कापणे, खरचटणे, भाजणे अशा कातडीपुरत्या जखमांत तर निम्म्याहून अधिकांना (५३ टक्के) वेदनारहित काळ लाभला होता. हाड मोडणे, चिरडणे, भोसकले जाणे अशा खोल जखमांत हे प्रमाण २८ टक्के होते. बहुतेकांचे दुखणे तासाभरात सुरू झाले, काहींचे कित्येक तासांनी. तेव्हा विळीवर भाजी चिरताना रक्त दिसल्यावरच बोट कापल्याचे कळते, हा अनुभव अपवादाचा नाही आणि त्यासाठी शूर असावे लागत नाही. पोवाड्यांत अंगावर जखमा झेलत लढणारे वीर भेटतात. पोवाडे हा वेदनेचा पुरावा नव्हे, पण त्यातली ती एक गोष्ट शरीराला अशक्य नाही एवढे म्हणता येते.

हे घडते कसे? कातडीतून वेदनेचे संदेश नेणारे तंतू मुख्यतः दोन प्रकारचे. पातळ वेष्टन असलेले तंतू सेकंदाला ५ ते ३० मीटर वेगाने, तर वेष्टन नसलेले बारीक तंतू सेकंदाला अर्धा ते दोन मीटर वेगाने संदेश नेतात. पायाच्या बोटापासून पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूपर्यंतचे अंतर मोठ्या माणसात एक मीटर धरले, तर पहिल्याला सेकंदाचा लहानसा अंश पुरतो आणि दुसऱ्याला एखादा सेकंद लागतो. ठेच लागल्यावर आधी लख्ख सणक आणि मग मागून येणारी जड कळ, हे विद्यार्थ्यांना घड्याळाशिवायही मोजता येईल. धारदार पात्याला आत जायला जोर कमी लागतो आणि आसपासचे मांस चिरडत नाही, म्हणून पहिली सणक कधी अगदी लहान असते. खरे दुखणे मागाहून येते. फुटलेल्या पेशींतून आणि सुजेतून जी रसायने बाहेर पडतात ती तंतूंना हळवे करून ठेवतात. मग जखमेशेजारी नुसते फडके लागले तरी झोंबते. यांपैकी प्रोस्टाग्लँडिन तयार होणे ॲस्पिरिन रोखते, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवले.

शरीराच्या आत तर आणखीच वेगळा कारभार. आतडी, फुप्फुस, खुद्द मेंदू यांना कापल्याची वेदना जवळजवळ कळत नाही. पोटाच्या आतले अस्तर मात्र अतिशय हळवे असते आणि आतडे ताणले की कळा येतात. विल्यम हार्वे यांना छातीत लहानपणापासून भोक राहिलेला एक तरुण सरदार भेटला होता. त्या भोकातून हृदयाला बोट लावले तरी त्याला समजत नसे, असे त्यांनी १६५१ च्या ग्रंथात लिहिले आहे. एलिझाबेथच्या बाबतीत कातडीवरचा बारीक छेद एवढीच काय ती बोलकी जागा होती, आणि मुठीच्या धक्क्यात तीही दबून गेली असावी. सुरीचे वार झालेल्या अनेकांनी आधी नुसता गुद्दा बसल्यासारखे वाटले, असे सांगितलेले आहे.

उरले ते मेंदूचे काम. १९६५ मध्ये मेलझॅक आणि वॉल यांनी दोरीच्या जागी फाटक आणले. मज्जारज्जूत संदेश शिरतो तेथे एक फाटक आहे. स्पर्शाचे जाड तंतू ते लोटून घेऊ शकतात आणि वरून मेंदूही ते बंद करू शकतो, असा त्यांचा तर्क होता. आपटलेला कोपर आपण चोळतो ते यामुळेच. मांडणीतले तपशील पुढे बदलले, पण वरून येणाऱ्या हुकमाची कल्पना खरी ठरली. १९६९ मध्ये डेव्हिड रेनॉल्ड्स यांनी उंदरांच्या मेंदूतील एका ठरावीक भागाला विजेची चेतना देऊन भूल न देता त्यांच्या पोटावर शस्त्रक्रिया केली. १९७५ मध्ये ह्यूज आणि कोस्टरलिट्झ यांनी मेंदूतूनच मॉर्फिनसारखे काम करणारे पदार्थ वेगळे केले. वेदनाशामक औषधाची बाटली माणूस जन्मतःच बरोबर घेऊन येतो. फक्त ती कधी उघडायची हे त्याच्या हातात नसते.

याच चर्चेत एक मराठी नाव येते. दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा भारतातील जिवंत प्राचीन रूढींवरील लेख त्यांच्या मृत्यूनंतर, फेब्रुवारी १९६७ मध्ये, 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात प्रसिद्ध झाला. त्यात पाठीत गळ टोचून घेऊन बगाडावर लोंबकळणाऱ्या भक्ताचे वर्णन होते. मेलझॅक यांनी पुढे आपल्या लेखनात हे उदाहरण घेतले, कारण अशा भक्ताच्या चेहऱ्यावर वेदनेची चिन्हे दिसत नाहीत. आपल्याकडे अनेक ठिकाणी आता गळाऐवजी दोर बांधतात. कोसंबींना रस होता रूढीच्या इतिहासात, मेलझॅकना मज्जारज्जूत. दोघांनी एकाच दृश्याकडे पाहिले.

या ज्ञानाचा दुरुपयोगही झाला, आणि तो झाकून ठेवण्यासारखा नाही. "त्याला दुखले नाही" यावरून "त्यांना दुखतच नाही" या वाक्यावर उडी मारणे फार सोपे असते. सैनिकांच्या जळजळीची इतक्या सहानुभूतीने नोंद करणारे तेच वेअर मिचेल, रानटी माणसाला सुधारलेल्या माणसाइतके दुखत नाही, असे लिहून गेले. गुलाम, मजूर, वसाहतींतली प्रजा यांच्याविषयी असे म्हणणारे डॉक्टर एकोणिसाव्या शतकात कमी नव्हते. विसाव्या शतकात नवजात बाळांचा नंबर लागला. १९८० च्या दशकापर्यंत अनेक रुग्णालयांत कमी दिवसांच्या बाळांवर शस्त्रक्रिया करताना पुरेसे वेदनाशामक देत नसत. भारतात शिकून ऑक्सफर्डला गेलेले डॉ. कंवलजीत आनंद यांनी १९८७ मध्ये सहकाऱ्यांसह दाखवले की असे औषध दिलेल्या बाळांच्या शरीरावरील ताण कमी राहतो आणि शस्त्रक्रियेनंतरची त्यांची प्रकृती अधिक चांगली असते. रडता येत नाही किंवा सांगता येत नाही म्हणून दुखत नाही, असे मानणे त्यानंतर कठीण झाले. वेदनेच्या अभ्यासाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये सुधारलेल्या व्याख्येच्या टिपांत हेच स्पष्ट केले आहे: संदेशवहन म्हणजे वेदना नव्हे, आणि दुखते असे कोणी सांगितले तर त्याचा मान ठेवावा.

खरोखरच दुखत नाही अशी माणसे असतात, पण फार थोडी. उत्तर पाकिस्तानात दहा वर्षांचा एक मुलगा रस्त्यावर खेळ करून दाखवी. दंडातून सुऱ्या आरपार घाली, निखाऱ्यांवरून चाले. त्याला स्पर्श कळे, गरम-थंड कळे, दुखणे तेवढे कळत नसे. केंब्रिजचे संशोधक त्याला तपासण्याआधीच, चौदा वर्षे पूर्ण होण्याच्या सुमारास, छपरावरून उडी मारल्याने तो दगावला. त्याच्या नात्यातील व इतर कुटुंबांतील अशाच व्यक्तींचा अभ्यास करून २००६ मध्ये कारण सांगण्यात आले. वेदनेच्या तंतूंत विद्युत्संदेश उठवणारी सोडियमची एक सूक्ष्म वाट, तिचे नाव 'एनएव्ही १.७', तिच्या जनुकातील बिघाडाने बंद होती. या मुलांच्या ओठांना व जिभेला स्वतःच्याच दातांनी केलेल्या जखमा होत्या, काहींची हाडे मोडली होती आणि ते कोणाला कळलेही नव्हते.

तेव्हापासून औषध कंपन्या ही वाट औषधाने बंद करता येईल का ते पाहत आहेत. १.७ ने बहुतेकांना दाद दिली नाही. तिची बहीण १.८ हिला रोखणारे सुझेट्रिजीन हे औषध अमेरिकेत जानेवारी २०२५ मध्ये मंजूर झाले. मेंदूवर काम न करता ते दूरच्या तंतूंतच संदेश अडवते, त्यामुळे अफूजन्य औषधांसारखे व्यसन लागण्याची भीती त्यात दिसत नाही. त्याच्या चाचण्या पोटावरची चरबी काढण्याच्या आणि पायाच्या अंगठ्याजवळील हाडाच्या शस्त्रक्रियांनंतर झाल्या, म्हणजे धारदार पात्याने केलेल्याच जखमांवर. खोट्या गोळीपेक्षा ते सरस ठरले. अफूजन्य औषध आणि पॅरासिटामॉल यांच्या जोडीपेक्षा नाही.